कॅमेरा सापडला नाही

भिंगावर चिकटवलेला तो पारदर्शक पापुद्रा नखाने निघत नव्हता. कडेला ओढायला एक बारीकशी जीभ दिली होती, पण ओढली की तीच तुटत होती, आणि तिसऱ्यांदा तुटली तेव्हा तिने सरळ दात लावले. प्लॅस्टिकची चव जिभेवर आली, पापुद्रा सुटला, आणि वाटाण्याएवढं काळं भिंग तिच्याकडे टक लावून बघू लागलं. बघ, ती मनात म्हणाली, नीट बघून घे. हा चेहरा तीन वाजता तुला एका माणसाला दाखवायचा आहे.

साडेअकरा झाले होते. हातात साडेतीन तास, आणि काम पाच मिनिटांचं. युएसबीची तार मागच्या खाचेत खुपसायची, पडद्याच्या माथ्यावर कॅमेऱ्याचा चिमटा बसवायचा, चित्र दिसलं की हात झटकून मोकळं व्हायचं — वीस वर्षं कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत तिने दुसरं केलं काय होतं? चाळीस यंत्रांना काय काय जोडलं, काय काय सोडवलं. मुलं तिला केबलमावशी म्हणायची आणि ती वरवर डोळे वटारायची. तिथून तिला घालवून तीन वर्षं झाली होती. घालवून... राजीनामा तिने स्वतःच्या हाताने लिहिला होता हे खरं, पण तो लिहायला पेन कुणी पुढे केलं होतं हे ती विसरली नव्हती. निळं पेन. त्याचं टोपणही त्यानेच काढून दिलं होतं, अगदी अदबीने.

तो म्हणजे विभागप्रमुख. मुलांनी त्याचं नाव इस्त्रीसर ठेवलं होतं, कारण सकाळी आठला आणि संध्याकाळी सहालाही त्याच्या सदऱ्यावर एक चुणी सापडायची नाही. बोलणंही तसंच, परीटघडीचं. आवाज कधी चढला नाही, शब्द कधी घसरला नाही. कुणाचा गळा कापायची वेळ आली तर तोही हा माणूस आधी 'माफ करा हं' म्हणून कापेल. चाळीसही यंत्रांवर मुक्त प्रणाली बसवायची — कुणीही उघडून बघावी, दुरुस्त करावी, दुसऱ्याला द्यावी अशी, फुकट मिळणारी — हा हट्ट तिचा होता, आणि त्याने तो ऐकून घेतला, मान डोलावली, सही केली. पुढे दहा वर्षं ते सगळं बिनतक्रार चाललं तेव्हा तो सभांमधून 'आम्ही हे करून दाखवलं' असंही म्हणाला. आम्ही! तेव्हा तिला त्याचा रागसुद्धा आला नव्हता. किती भोळी होते मी, किती बावळट.

पत्र आलं त्याला नऊ दिवस झाले होते. एका मोठ्या शिक्षणसंस्थेच्या संचालकपदासाठी तीन नावं शेवटपर्यंत टिकली होती, त्यांतलं एक इस्त्रीसरांचं. निवड समितीला प्रत्येकाच्या जुन्या सहकाऱ्यांचं मत ऐकायचं होतं. गुरुवारी दुपारी तीनला, संगणकावरून, वीस मिनिटं. कॅमेरा चालू असणं आवश्यक. बोलणं ध्वनिचित्रमुद्रित होईल आणि उमेदवाराला ते पाहण्याचा हक्क राहील. आणि अगदी खाली एक ओळ — 'आपले नाव उमेदवारांनी स्वतः सुचविले आहे.' ती ओळ वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. स्वतः सुचवलं! काय समजला काय हा? केबलमावशीला बोलावलं की ती पाघळणार, वीस वर्षांच्या मिठाला जागणार, 'सर फार चांगले हो' म्हणून चार अश्रूही ढाळणार? त्या दिवशी ती उभ्या उभ्याच पाणी प्यायली, आणि मग बसून लिहायला घेतलं. आधी दोन पानं झाली. ती खोडून एक. आता चार वाक्यं उरली होती, आणि ती चारही तिला पाठ होती. पहिलं — या माणसाने चाळीस विद्यार्थ्यांसमोर माझा अपमान केला. दुसरं — मी दहा मिनिटं मागितली, ती दिली नाहीत. तिसरं — बिघाड त्याने केला. चौथं — आणि खापर माझ्या डोक्यावर फोडलं. बस. एवढं बोलून त्या भिंगात बघत राहायचं, न हलता, त्याला पाहायचं असेल तेवढं पाहू दे.

"माझा फोन घे की," वन्सं म्हणाल्या. "त्यात दोन कॅमेरे आहेत. एक पुढे, एक मागे."

वन्सं म्हणजे तिची थोरली नणंद. सबंध नोकरी दवाखान्यात नर्स म्हणून झाली होती, आणि भाऊ गेल्यापासून त्या भावजयीजवळच राहत होत्या. खिडकीशी बसून त्या एका जुन्या उशीचा अभ्रा उसवत होत्या, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक.

"फोनवर नाही बोलायचं मला."

"का? फोनवर शिव्या पोचत नाहीत?"

ती हसली नाही. वन्संना कसं सांगायचं? त्या माणसाने 'फुकटचं ते असंच असायचं' म्हटलं होतं — चारचौघांत, तिच्या दहा वर्षांच्या कामाकडे हात करून — आणि म्हणून त्याचं उट्टं त्याच फुकटच्यावर बसून काढायचं होतं. त्याच प्रणालीवरून, घरच्या या जुन्या खोक्यावरून, चित्र कसं लख्ख येतं आणि आवाज कसा खणखणीत येतो हे त्याला दिसायला हवं होतं. सूड घ्यायचा तर तो नीट घ्यावा, घाईघाईने उरकलेला सूड आणि कच्ची राहिलेली भाकरी दोन्ही पोटात दुखतात, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि तिचं तिलाच जरा बरं वाटलं. तिने तार खाचेत घातली. खट् झालं. कॅमेऱ्याचा कार्यक्रम उघडला आणि ती पाठ ताठ करून बसली.

कॅमेरा सापडला नाही.

पडद्याच्या मधोमध, करड्या चौकटीत. तिने तार काढली, फुंकर मारली, दुसऱ्या खाचेत घातली. कॅमेरा सापडला नाही. हेच तीन शब्द, असेच करड्या चौकटीत, तिने एकदा चाळीस पडद्यांवर एकाच वेळी पाहिले होते.

बाहेरच्या मंडळाची परीक्षा होती ती. परीक्षा देणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्यात दिसत राहिला तरच प्रश्नपत्रिका उघडणार, असा नियम. चाळीस मुलं, चाळीस कॅमेरे, सकाळी नऊ. पहिल्या यंत्रावर ते शब्द आले तेव्हा तिने सहज 'थांब हं' म्हटलं. दुसऱ्यावर आले, पाचव्यावर आले, आणि मग सगळ्या खोलीत एकदमच कुजबुज उठली. ती एक नंबरच्या यंत्रापाशी बसली. बोटं कळांवर ठेवली होती — फक्त दहा मिनिटं, सर, दहा मिनिटांत सांगते काय झालंय ते — तेवढ्यात तो मागून आला आणि त्याने तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. 'बाई, आता हात लावू नका.' शांतपणे. मग आणखी शांतपणे, पण मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं, 'तुमच्या हातून काहीतरी राहिलंय. मान्य करा, विषय संपेल. फुकटचं ते असंच असायचं...' आणि ती उठून उभी राहिली होती, आणि म्हणाली होती, माझ्या हातून काही राहिलेलं नाही. एकदा म्हणाली. दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना आवाज चिरकला आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं. ते हसणं अजून ऐकू यायचं, नळ सोडला की, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी, कधीही. परीक्षा रद्द झाली. मुलांचं अर्धं वर्ष गेलं. चार दिवसांनी कोण्या कंपनीची माणसं आली आणि त्यांनी चाळीसही यंत्रं पुसून त्यांवर आपली विकतची प्रणाली बसवली.

पुसली! पुरावाच पुसला. आणि कारणही तिला ठाऊक होतं. परीक्षेच्या आदल्या सोमवारी त्याने तिच्याकडे मुख्य पासवर्ड मागितला होता, 'असावा एखाद्या वेळी' म्हणून. तिने तो लिहून पाकिटात घालून, पाकीट चिकटवून दिला होता. राजीनामा द्यायला गेली तेव्हा तेच पाकीट त्याच्या टेबलावर होतं, फोडलेलं. कंपनीच्या माणसांची गुळगुळीत माहितीपत्रकंही तिथेच होती. मग आणखी काय हवं? त्याने पाकीट फोडलं, आत शिरला, काहीतरी फिरवलं, मुद्दाम असो की अर्धवट कळून असो, आणि अंगाशी आल्यावर हात वर केले. रोज सकाळी दात घासताना ती हे सगळं पहिल्यापासून जुळवायची, आणि रोज ते चपखल जुळायचं.

"बारा वाजले," वन्सं म्हणाल्या. "जेवून घेतेस का आधी?"

"नको."

"रिकाम्या पोटी राग चढतो."

"चढू दे."

रडायला वेळ नव्हता, आणि तिची रडण्याची तऱ्हाही वेगळी होती. ती टर्मिनल उघडायची. काळी खिडकी, पांढरी अक्षरं, इकडून आपण प्रश्न टाकायचा, तिकडून यंत्राने उत्तर द्यायचं, आणि त्यात लाडीगोडी नाही, अदब नाही, टोपण काढून पेन देणं नाही. तिने विचारलं, तुला काय काय जोडलंय? यंत्राने यादी दिली: कळफलक, माऊस, आणि तिसऱ्या ओळीत कॅमेरा, बनवणाऱ्याच्या नावासकट. म्हणजे तार ठीक, खाच ठीक. मला तो वापरायची परवानगी आहे? आहे. मग त्याचा ड्रायव्हर कुठाय? हा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राला कॅमेऱ्याची भाषा समजावणारा तो छोटासा तुकडा, या प्रणालीच्या पोटातच असतो. कॅमेरा जोडला की न बोलावता आपणहून उठून येतो, कुठून काही उतरवून घ्यावं लागत नाही. पण तो आला नव्हता. चालू असलेल्यांच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. तिने यादी दोनदा वाचली, आणि हात थबकले. न बोलावता येणारा येत नाही, म्हणजे त्याला कुणीतरी येऊ नकोस म्हणून सांगून ठेवलंय.

तशी सोय असते. एका ठरावीक फोल्डरात छोट्या छोट्या फायली असतात, त्यांत नाव लिहिलं की त्या ड्रायव्हरला बंदी. तिने त्या फोल्डरात कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरचं नाव शोधायला सांगितलं, आणि पापणी लवायच्या आत उत्तर आलं. एकच ओळ. फायलीचं नाव, आणि त्यापुढे — ब्लॅकलिस्ट, आणि ड्रायव्हरचं नाव.

क्षणभर तिला काही कळलं नाही. मग कळलं, आणि कानशिलं गरम झाली. कारण तिची एक पद्धत होती. प्रत्येक सत्राची मूळ प्रत ती घरी याच यंत्रावर तयार करायची, आठवडाभर स्वतः वापरून बघायची, आणि मग डिस्कवर नेऊन प्रयोगशाळेतल्या चाळीस यंत्रांवर उतरवायची. आणि परीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी उलट करायची, एक नंबरच्या यंत्राची प्रत घरी आणून इथे उतरवायची, काही बिघडलंच तर घरी बसूनही बघता यावं म्हणून. सोमवारी पाकीट दिलं. शुक्रवारी प्रत आणली. म्हणजे मधल्या दिवसांत त्याने जे काही केलं ते प्रयोगशाळेतून पुसलं गेलं तरी इथे आहे! तीन वर्षं इथेच आहे, माझ्या घरात, माझ्या पायापाशी गुरगुरणाऱ्या या खोक्यात. प्रणालीची आवृत्ती दोनदा बदलली, पण हाताने लिहिलेली फाईल ती पुसत नाही. आणि घरी कधी कॅमेराच नव्हता, म्हणून त्या फायलीने कधी कुणाची वाट अडवली नाही, कुणाला ती दिसलीही नाही.

"सापडलास!" ती मोठ्यांदा म्हणाली.

"कोण सापडला?"

"साक्षीदार, वन्सं. पुरावा. आता बघा कशी गाळण उडवते एकेकाची."

वन्संनी अभ्रा बाजूला ठेवला. तिला असं बोलताना त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

ती उठून खोलीत दोन फेऱ्या मारून आली. आता चार वाक्यं कशाला? आता पडदाच दाखवायचा त्या समितीवाल्यांना. ही फाईल, ही ओळ, ही तारीख. फायलीची तारीख खोटं बोलत नाही, आणि प्रत केली तरी ती बदलत नाही. ही ओळ सोमवार ते शुक्रवारच्या दरम्यान लिहिली गेली, आणि त्या दिवसांत पासवर्ड माझ्याखेरीज एकाच माणसाकडे होता, महाशय, फोडलेल्या पाकिटात. मग तो ते मुद्रण बघेल. त्याच्या खोलीत, त्याच्या खुर्चीत, बघता बघता त्याच्या सदऱ्यावर पहिली चुणी पडेल. ती गुणगुणत होती. तिने चौथं वाक्य खोडून तिथे 'पुरावा सोबत' असं लिहिलं, शेजारी तारखेसाठी जागा सोडली, आणि तारीख बघायला फायलीचे तपशील मागवले.

अठ्ठावीस तारीख आली. तिला वाटलं महिना चुकलाय. पुन्हा मागवली. महिना तोच आला — पाकिटाच्या दोन महिने आधीचा, भर सुट्टीतला, जेव्हा कॉलेजला कुलूप होतं आणि पासवर्ड जगात एकाच माणसाला माहीत होता. मग तिने फाईलच उघडली. आत दोन ओळी होत्या. शोधात सापडली होती ती खालची. वरच्या ओळीत, यंत्राने वाचू नये म्हणून आधी खूण करून, मराठीत लिहिलं होतं —

'तात्पुरतं. त्या मुलीच्या तक्रारीचं बघून झालं की काढणे. दवाखान्यातून आल्यावर.'

यंत्रात मराठीतून टिपणं लिहिणारी सबंध कॉलेजात ती एकटीच होती. त्यावरून तिची चेष्टाही व्हायची.

कुठली मुलगी... आणि मग जिना आठवला. सुट्टी लागायच्या दिवशी जिना उतरताना पहिल्या वर्षाची एक मुलगी तिला थांबवून म्हणाली होती, मावशी, काल मी लॅबमध्ये एकटी बसले होते आणि कॅमेऱ्याचा दिवा आपोआप लागला. मुलीचा चेहरा उतरला होता. मी बघते, ती म्हणाली होती, तू काळजी करू नकोस. आणि तिने बघितलं होतं. काय ते कळेपर्यंत कुठल्याच यंत्रावरचा कॅमेरा उघडता कामा नये म्हणून घरच्या मूळ प्रतीतच बंदी घातली होती. त्याच आठवड्यात तिचा नवरा दवाखान्यात होता. पुढे तीच प्रत चाळीस यंत्रांवर गेली, तिच्याच हाताने. आधी आठवडाभर घरी वापरूनही बघितली होती — बिनकॅमेऱ्याच्या यंत्रावर — आणि काही खोट सापडली नव्हती. लॅबमध्येही परीक्षेपर्यंत कॅमेरा कुणाला लागलाच नव्हता.

"वन्सं," ती म्हणाली. आवाज बेताचाच निघाला. "हे दवाखान्यात होते तेव्हा... अठ्ठावीस तारखेला मी घरी आले होते का हो?"

"तारीख कुठली माझ्या लक्षात. पण आली होतीस एकदा. मीच पाठवलं तुला, दोन दिवस अंगावर तेच कपडे, म्हटलं जा, अंघोळ करून ये. तासाभरात ये म्हटलं होतं." वन्संनी अभ्रा पुन्हा मांडीवर घेतला. "अडीच तासांनी आलीस. तो तीनदा विचारत होता, कुठे गेली, कुठे गेली."

"मी इथे बसले होते."

"कुठे?"

"इथे. या खुर्चीत."

वन्संनी तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "मला त्यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुझ्यावर ओरडायचं मनात होतं त्या दिवशी. पण तुझं तोंड बघितलं आणि नाही ओरडले."

ती वाट बघत बसली. आता लाज येईल, आता हातपाय गळतील, आता मन कसं स्वच्छ होईल... तसं काहीच आलं नाही. आला तो राग. तोच, ओळखीचा, पण दुप्पट. म्हणजे तो बरोबर होता! तीन वर्षं मी त्याला रोज सकाळी फासावर चढवला आणि तो सगळा वेळ बरोबर होता, इस्त्री केलेल्या सदऱ्यात, काही माहीत नसताना, नुसता अंदाजाने बरोबर होता. त्याने फसवलं असतं तर ते तिने कधीतरी सोसलं असतं. तो बरोबर होता, एवढं मात्र तिला त्याला माफ करता येईना. आणि तो आणखी काहीतरी म्हणाला होता त्या दिवशी, फुकटचं ते असंच असायचं, याच्या पुढे... चूक माझीही आहे, मी परवानगी दिली होती. असंच काहीसं. रोजच्या जुळवाजुळवीत हे वाक्य कुठे गळून पडत होतं? पण पाकीट! पाकीट तर फोडलं होतं ना? तिने त्या पाकिटाला घट्ट धरलं. का फोडलं मग? की त्याच दिवशी, तिला खुर्चीतून उठवल्यावर, त्याने एकट्याने बसून काही जमतंय का ते पाहिलं होतं, कळांवर इस्त्रीची बोटं ठेवून, काही न कळता? तिला ते चित्र नको होतं. तिने ते ढकललं, तर ते पुन्हा आलं.

सव्वादोन वाजले होते. कुणाला कळणार होतं? कॅमेरा चालायचा तर ती ओळ काढावीच लागणार होती, आणि ती ओळ गेली की झालंच. चारही वाक्यं पुन्हा होती तशी उभी, तो तिकडे संचालक व्हायचा राहील, आणि वर घरातल्या घरात सगळं साफ. किती सोपं. ती चिडून हसली. तिने खालची ओळ काढली, फाईल जतन केली, ड्रायव्हरला हाक मारली, आणि तो आला, मुकाट्याने, जणू तीन वर्षं उंबऱ्याबाहेरच उभा होता. कॅमेऱ्याच्या कडेचा हिरवा दिवा लागला. पडद्यावर एक बाई दिसू लागली.

या चेहऱ्याची तिने नऊ दिवस तयारी केली होती. तो करारी असणार होता, दुखावलेला पण ताठ. समोरची बाई तशी नव्हती. जबडा आवळलेला, भुवया वर ताणलेल्या, आणि डोळे... भांडण संपल्यावरही घरी पोचेपर्यंत रस्त्यात एकट्याने बोलतच राहिलेल्या माणसाचे असतात तसे. ही माझ्याकडे अशी का बघतेय, तिच्या मनात आलं, मी हिचं काय केलंय?

वन्संनी पाण्याचं भांडं आणून ठेवलं, कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून वाकून. "मग? सोडलंस का त्याला?"

"नाही," ती ताबडतोब म्हणाली.

"बरं," वन्सं म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.

कागदावर चार वाक्यं होती. तिने तिसरं खोडलं. चौथं आधीच खोडलेलं होतं, त्याच्या जागचं 'पुरावा सोबत'ही आता खोडलं. वरची दोन राहिली, आणि ती दोन खरी होती, आजही, काही झालं तरी. चाळीस मुलांसमोर. दहा मिनिटं. ती दहा मिनिटांवर अडून राहिली... दहा मिनिटं दिली असती तर काय झालं असतं? आज जे झालं तेच. तीच यादी, तेच प्रश्न, न बोलावता येणारा आला नाही म्हणजे... आणि ती ओळ, आणि वर तिचं टिपण. मी खुर्चीतून उठून सगळ्यांसमोर म्हणाले असते, अरे देवा, माझंच काम की हे! मी कपाळावर हात मारला असता, मुलं हसली असती, त्यातली ती जिन्यावरची मुलगी नसती हसली. साडेनऊला परीक्षा सुरू झाली असती. माझी चूक माझी मला सापडली असती, तर ती चूकच राहिली असती. त्याने ती सापडू दिली नाही. नुसती माझ्या गळ्यात घातली आणि मान्य कर म्हणाला, आणि मग मी तीन वर्षं ती मानेवरून झटकत राहिले, आणि यांनी तीनदा विचारलं होतं कुठे गेली, त्यावर एकदाही धड रडले नाही.

पडद्यावर अक्षरं आली : आपल्याला लवकरच आत घेतलं जाईल. मग बाईचा चेहरा कोपऱ्यात सरकला आणि तीन अनोळखी माणसं समोर आली, दोन पुरुष आणि एक बाई, पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेली.

"नमस्कार. तुम्ही आम्हाला अगदी स्पष्ट दिसताय. आवाज येतोय ना आमचा?"

"येतोय."

"छान. आपण मुद्रण सुरू करतोय. उमेदवारांबरोबर तुम्ही वीस वर्षं काम केलंत. सुरुवात तुम्ही तुमच्या पद्धतीनेच करा."

तिने तोंड उघडलं. पाठ केलेलं पहिलं वाक्य जागेवर नव्हतं. त्याच्या जागी दुसरंच एक येऊन उभं होतं, तीन शब्दांचं — चूक माझी होती — आणि त्याला लगटून आणखी एक, ते या तिघांसाठी नव्हतंच, ते त्याच्यासाठी होतं, आयुष्यात पहिल्यांदाच अरे-तुरे करून : पण ती मला शोधू द्यायची होतीस. तिने ते जिभेवर घोळवून पाहिलं. यात माफी आहे की थोबाडीत आहे हे तिचं तिलाच ठरवता येईना. बोलू लागलं की त्यातलं काय बाहेर पडेल याचा भरवसा नव्हता, आणि बाहेर पडल्यावर पुढे जगायचं तरी कशाच्या आधारावर, उद्या सकाळी आरशासमोर उभं राहून जुळवायचं काय, हेही समजेना. समोरचे तिघं काहीतरी लिहून घ्यायच्या तयारीत थांबले होते. ते तिला दिसत नव्हते. दिसत होता तो, कुठल्याशा खोलीत, आठवड्या-दोन आठवड्यांनी हे बघत बसलेला. आणि इतकी वर्षं ज्याच्याकडे ती नुसती रोखून बघत आली होती, तो आता आपल्याकडे बघतोय, या विचाराने तिला त्याची पहिल्यांदाच भीती वाटली.